शिलाई मशीनवरचा माझा विश्वास

पुण्याच्या बुधवार पेठेत धंदा करणारी बाई म्हणजे फसवून आणलेली, हे मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. कुणीतरी लग्नाचं नाहीतर नोकरीचं आमिष दाखवलं, गाडीत बसवलं, विकलं. हे होतं, आजही होतं, आणि अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर वाद घालण्यासारखं काही नाहीच. पण बाकीच्या सगळ्यांची कहाणीही मी त्यांना न विचारता तीच ठरवून टाकली होती.

पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन, हे आपल्याकडे ठरलेलं. (का, देव जाणे.) मीही वर्ग चालवला, साड्यांना फॉल-बिडिंगचं काम मिळवून दिलं. तिथं लातूरकडची एक बाई यायची. नवऱ्यानं टाकलेली, पोरं गावी आईजवळ. एकदा फॉल लावता लावता, मान वर न करता म्हणाली, "ताई, एका साडीमागं काय सुटतं, तुमीच सांगा. मी बिगारी केली, धुणीभांडी केली. मुकादमाचा हात तिथंबी अंगावर यायचाच, अन् मजुरी गड्यापेक्षा कमी. हितं पैसा रोख तरी हाय."

मला राग आला होता, खरं सांगते.

पुढं रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांची 2011 ची पाहणी वाचली. 14 राज्यांतल्या, धंदा करणाऱ्या 3000 स्त्रियांशी बोलून केलेली. त्यांतल्या कितीतरी जणी आधी घरकाम, शेतमजुरी, बांधकाम करून आलेल्या. काम मिळालं की बाई बाहेर पडेल, ही माझी समजूत तिथं डळमळली. कामं करून, त्यात भागत नाही हे बघूनच त्या आल्या होत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून सोडलेल्या मुलींचं वेगळं. तिथं ठरवलं घरच्यांनी.

पोटासाठी घेतलेला निर्णय खरा नव्हे म्हणावं, तर बीडहून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं काय? पाळीमुळं खाडा पडून दंड बसू नये म्हणून गर्भपिशवी काढून घेणाऱ्या बायकांच्या बातम्या 2019 मध्ये गाजल्या. पण उसाच्या फडावर धाड घालून तिला कुणी सोडवून आणत नाही.

कुंटणखान्याच्या घरवालीचं कर्ज नि पोलिसांचा हप्ता मी विसरलेले नाही. 'हेही कामच' म्हणणाऱ्या, सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या बायकांचं सगळंच मला पटतं असंही नाही. वर्ग मात्र बंद केला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या आदेशामुळे या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड मिळू शकतं. सध्या मी त्याचे अर्ज भरून देते.