सुटे भाग, अख्खा कॉम्प्युटर

स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन बारीक पिनांना एकदम टेकवलं आणि पंखा गरगरला! अहो, बटण नाही, कॅबिनेट नाही, जेवणाच्या टेबलावर नुसता उघडा मदरबोर्ड, आणि समोर स्क्रीनवर बायोस! हे सुख घरबसल्या मिळतं हे चाळिशी ओलांडेपर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं.

लेकीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, म्हणून ब्रँडेड मशीन बघत होतो. किंमत ऐकून डोळे पांढरे, आणि आत काय? रॅमची एकच पट्टी आणि कुठल्या कंपनीचा कोण जाणे असा एसएमपीएस. मग ठरवलं, सुटे भाग आणून घरीच जोडायचा, आणि वसईहून धरली फास्ट. ती ग्रँट रोडला थांबत नाही. मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची, ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडायचं, की लॅमिंग्टन रोड! पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं पत्ता विचारून बघाच.

रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, ग्राफिक्स आतच, त्यामुळे शिकण्यापुरतं वेगळं कार्ड नको. बी५५० बोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, आणि २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब एवढीशी एसएसडी! कॅबिनेटचं खोकं मात्र अवाढव्य, म्हणून येताना लगेजचा डबा. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या मावशींनी विचारलं, "टीव्ही काय रे?"

"नाही मावशी, कॉम्प्युटरचा डबा."

"आणि कॉम्प्युटर?"

"तो घरी बनवणार!"

मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं ते सोडा.

प्रोसेसर बसवणं म्हणजे निव्वळ नजाकत. खाली १३३१ पिना, कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण. त्रिकोणाला त्रिकोण जुळवला की तो स्वतःच्या वजनानं सॉकेटमध्ये उतरतो; बोटानं दाबायचं नाही, फक्त खटका खाली. रॅमचं बरोबर उलटं! चार स्लॉट असले तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा धरायचा आणि चांगलं दाबायचं. बोर्ड किंचित वाकतो, जीव वर-खाली होतो, आणि खट्ट!

एकाचा बोर्ड, दुसऱ्याचं कॅबिनेट, तिसऱ्याचा एसएमपीएस, तरी स्क्रूची भोकं जुळतात कशी? आयबीएमनं १९८१ साली पीसी काढला तो बराचसा बाहेरून घेतलेल्या भागांचा, आणि त्याची तांत्रिक माहितीही छापून टाकली. मग इतरांनी तसेच पीसी नि त्यांचे सुटे भाग काढले. १९९५ मध्ये इंटेलच्या एटीएक्सनं बोर्डाची मापं, भोकांच्या जागा ठरवून दिल्या. माझ्या टेबलावर ते सगळं चालून आलं होतं!

पैसे किती वाचले? डोंगराएवढे नाहीत, एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव चढवून ठेवलेत. पण त्याच पैशांत एसएमपीएस नावाजलेला आला, प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी (प्रोसेसरची ३ वर्षं, जीएसटीचं बिल जपून ठेवा हो!), आणि उरलेल्यात यूपीएस बसला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कशी लपाछपी खेळते ते वसईकरांना काय सांगायचं!

नालासोपाऱ्याच्या मेव्हण्याला लगेच फोन लावला. त्यानं ब्रँडेडसाठी ॲडव्हान्स दिलाय. म्हटलं, परत माग आणि शनिवारी मोकळा राहा. रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात. स्क्रू ड्रायव्हर मी आणतो.