प्रति आणि प्रेषक

पार्सलवर 'प्रति' आणि 'प्रेषक' या दोन्ही जागी एकच नाव लिहिताना हात जरा अडखळतो. पोस्टाच्या खिडकीतला माणूसही थांबतो. "अहो, दोन्हीकडे तुमचंच नाव पडलंय." मग त्याला सांगावं लागतं की हे खोकं पुढे मालवणला जाणार आणि मी मागून चालत येणार. त्यावर तो आधी खोक्याकडे बघतो, मग माझ्या पायांकडे, आणि काही न बोलता शिक्का मारतो.

विजयदुर्गाहून किनाऱ्याकिनाऱ्यानं तेरेखोलच्या खाडीपर्यंत चालत जायचं, असा बेत होता. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा कागदावर १२१ किलोमीटरचा. पायांचा हिशेब वेगळा. मध्ये खाड्या येतात, कातळाचे सडे येतात, पुळणीतून चाललेला एक कोस डांबरी रस्त्यावरच्या दोन कोसांएवढा दमवतो. ओझं जितकं कमी तितकं बरं, म्हणून देवगड, मालवण आणि वेंगुर्ला अशा तीन ठिकाणी खोकी आधीच धाडून द्यावीत असं ठरवलं. ही युक्ती अर्थातच माझी नव्हे. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट आहे. ती सलग चालणारी माणसं निघण्याआधीच घरी बसून महिनोन्महिन्यांचा शिधा खोक्यांत भरतात, आणि वाटेवरच्या लहानलहान गावांतल्या पोस्टांत स्वतःच्याच नावानं पाठवून देतात. तिथली पोस्टं ही खोकी सांभाळतात. डोंगरातून उतरलेला दाढीवाला, कळकट माणूस खिडकीशी येतो, ओळखपत्र दाखवतो आणि स्वतःनंच पाठवलेली भेट घेऊन जातो.

या प्रकारातली खरी गंमत खोकं उघडल्यावर कळते. ते भरलेलं असतं घरात, पंख्याखाली, पोट भरलेलं असताना. ते उघडणारा माणूस महिनाभर डोंगरात राहून आलेला असतो. घरातल्या माणसाला वाटलेलं असतं की रोज सकाळी ओटचीच लापशी चालेल. डोंगरातल्याला आता लापशीचा वासही नको असतो. नाव तेच, सही तीच, पण एकानं दुसऱ्याला ओळखलेलंच नसतं. म्हणून तिथल्या वसतिगृहांत, दुकानांत एक उघडी पेटी ठेवलेली असते. नकोसं झालेलं तिच्यात टाकायचं, हवं ते तिच्यातून उचलायचं. एकाला विटलेली लापशी दुसऱ्याच्या न्याहारीला लागते. मला त्या सगळ्या नेटक्या योजनेपेक्षा ही गबाळी पेटीच जास्त शहाणी वाटते. आणि एमा गेटवूड ही आजीबाई तर १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, खांद्यावर एक शिवलेली पिशवी टाकून ती सबंध वाट एकटीनं चालली. बाकीच्यांच्या सामानाच्या याद्या वाचताना तिची आठवण ठेवलेली बरी.

आपल्याकडे वारीत हेच काम दिंडीचा ट्रक करतो. सकाळी वळकटी त्यात टाकायची आणि टाळ घेऊन मोकळ्या अंगानं निघायचं. संध्याकाळी मुक्कामावर वळकटी आपल्याआधी पोचलेली. तिच्यावर पत्ता नसतो. दिंडीचा नंबर पुरतो.

मला मात्र पत्ता लिहायचा होता. पिनकोड ही सोय १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले अधिकारी, आणि संस्कृतातले कवीही. सहा आकड्यांत देश बसवणाऱ्याला वृत्तांची सवय असावी हे मला फार योग्य वाटतं. मालवणचा ४१६६०६, वेंगुर्ल्याचा ४१६५१६. पहिले तीन आकडे घाटावरच्या कोल्हापूरचेही तेच. मधली सह्याद्रीची भिंत टपालाला दिसत नाही. पण सहावा आकडा संपला की खरा कोकणातला पत्ता सुरू होतो. अमक्याच्या घराच्या मागे, वडाकडून खाली, तरीच्या वाटेवर. पोस्टात सांगून खोकं ठेवता येतं, पण ओळखीच्या घरी धाडणं अधिक सोपं. ज्यांना पोस्टाचा भरवसा वाटत नाही ते वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला गाठतात.

मालवणला ज्या घरी खोकं गेलं होतं तिथल्या काकींनी ते देवघराशेजारी उंचावर ठेवलं होतं, मुंग्या लागू नयेत म्हणून. मी उघडायला बसलो तेव्हा त्याही समोर येऊन बसल्या. पायमोजे निघाले, पायाला लावायचं मलम निघालं, पुढच्या टप्प्याचा नकाशा निघाला, इथवर ठीक होतं. मग तांदळाची पिशवी निघाली.

"ह्यां कित्याक धाडलंस रे झिला? आमच्या घरात काय तांदूळ नाय?"

यावर उत्तर नसतं. रानात दिवसच्या दिवस दुकान नसलेल्या मुलखातली रीत मी अशा किनाऱ्यावर आणली होती, जिथं दर दोन मैलांवर कुणीतरी "च्याय घेवन जा" म्हणतं. तांदूळ त्यांनी मुकाट्यानं डब्यात ओतून घेतले. जेवायला उकड्या तांदळाची पेज होती, त्यांच्या घरची.

पण बेगमी म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. जेवण झाल्यावर त्यांनी माडी दाखवली. या किनाऱ्याला चार महिने बंद होऊन बसायची पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. मुंबईहून येणारी आगबोट पावसाळ्यात थांबायची. बंदरात नांगर टाकून होडीनं माणसं आणि सामान उतरवणारी ती वाहतूक खवळलेल्या समुद्रात शक्यच नव्हती. आता बोट गेली, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते, तरी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते आणि आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरल्याशिवाय घराला स्वस्थता नसते. मे महिन्याच्या उन्हात घरातली बाई आषाढातल्या माणसांसाठी खोकं भरत असते, फक्त ते पाठवायला पोस्ट लागत नाही. खारे बांगडे, गोलमो, सुकी सुंगटां. मिठात मुरवलेले फणसाचे गरे, लाल मातीत घोळून ठेवलेल्या आठळ्या. आंब्याची साठं, सोलं, आगळाच्या बाटल्या, कुळथाची पिठी, वर्षाचा मसाला. पडवीत लाकडं आणि शेणी.

आणि या भरण्यात एक हिशेब असतो जो अमेरिकेतल्या कुठल्याही यादीत मला दिसला नाही. तिथं औंस मोजतात, आपलेच. इथं काकी बरणी दाखवत म्हणाल्या, ही चेडवाक, ही गणपतीक येतले त्यांका, आणि ही "कोणय इलो तर". आषाढातली आपली जीभ कशी असेल, झड लागल्यावर पेजेबरोबर काय लागेल, हे त्यांना चुलीशी काढलेल्या इतक्या पावसाळ्यांनी शिकवलेलं. घेणारा कोण ते ठाऊक असलं की भरणं चुकत नाही. आणि जो ठाऊक नाही, त्याच्यासाठीही एक बरणी असते.

पुढे तारकर्ली, देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधली जमीन चिंचोळी होत होत संपतेच. पलीकडे भोगवे. होडीची वाट बघत बसलो असता शेजारच्या अंगणातल्या म्हातारीनं चौकशी केली. चालत रेडीला, तिथून तेरेखोलला निघालोय म्हटल्यावर ती आत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं पुडकं घेऊन आली. आत सुके बांगडे.

"माझी भयण आसा थंय. चलत जातंस ना, मग ह्यां घेवन जा."

पत्ता? "गणपतीच्या देवळाकडे इचार. सगळे वळाखतत."

मी पाठीवरचं वजन कमी व्हावं म्हणून पोस्टाला पैसे मोजले होते. आता निवती, वेंगुर्ला, मोचेमाड, शिरोड्याची मिठागरं असं करत रेडीपर्यंत जायचं होतं, दुसऱ्याचं टपाल घेऊन, फुकट. पुडकं पिशवीत सगळ्यांत वर ठेवावं लागलं, आणि वाटेवरच्या प्रत्येक वाडीतल्या कुत्र्यांना माझ्या येण्याची खबर मी पोचायच्या आधीच लागत होती.