टेक्सासातली पेटी

आपला गाव न हलवता राज्य कसं बदलतं, हे खानापूरच्या माणसाला नकाशा मांडून समजवावं लागत नाही. त्यामुळं टेक्सासात मी तसा लवकर रुळलो. नवल वाटलं ते सॅन अँटोनियोच्या नाचघरात. बाप्यांच्या डोक्यावर काऊबॉय टोप्या, पायांत टोकदार बूट, गाणं स्पॅनिश, आणि ठेका चक्क जर्मन खेड्यातल्या पोल्काचा! सत्तरीतली जोडपी हातात हात घालून गोल फिरत होती. आपण देवळाला घालतो त्याच्या उलटी प्रदक्षिणा, आणि मागोमाग नातवंडं.

हे तेहानो संगीत. टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचा मुलूख होता, 1845 साली तो अमेरिकेत गेला. तिथले मेक्सिकन होते तिथंच राहिले. (1956 साली राज्य पुनर्रचनेत आपल्याकडं काय झालं, ते मी तिथं कुणाला सांगत बसलो नाही.) पुढं जर्मन आणि चेक शेतकरी आले, त्यांच्याबरोबर बटणांचं अकॉर्डियन आलं. शेतमजुरी करणाऱ्या मेक्सिकनांनी ते उचललं आणि बाहो सेक्स्तो या बारा तारांच्या जाडजूड गिटारीला जोडलं. 1936 साली नार्सिसो मार्तिनेझ या अकॉर्डियनवाल्याच्या तबकड्या निघाल्या. या पठ्ठ्यानं डाव्या हाताचा खर्ज सोडूनच दिला. ते काम सान्तियागो अल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोकडं, आणि आपण उजव्या हातानं नुसती चाल नाचवायची. तिथून हा बाज जर्मनांचा राहिला नाही. पैसेवाले नाकं मुरडत राहिले, ते वेगळं. हिमेनेझ घराण्यात तर आजोबा, बाप आणि मुलगा तिघंही अकॉर्डियनवाले. त्यातला मुलगा फ्लाको रोलिंग स्टोन्सच्या तबकडीवरही वाजला. 2025 च्या जुलैत तो गेला.

अकॉर्डियन म्हणजे भाता, हवा आणि धातूच्या पट्ट्या. आपली पेटीही त्याच जातीची, पॅरिसच्या दबँनं 1842 साली पेटंट घेतलेली. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांनी तिच्यातून काय काय काढून दाखवलं! सप्त्यात तिच्याशिवाय भजन उभं राहत नाही, आणि ती फिरंगी आहे हे माळकऱ्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

सगळ्यात चक्रावलो ते सेलेना किंतानिया या गायिकेच्या कहाणीनं. टेक्सासच्या शाळांत एके काळी स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होई. त्यामुळं पुढच्या पिढ्या इंग्रजीत वाढल्या. 1971 साली जन्मलेली सेलेनाही त्यातलीच. तिला स्पॅनिश धड येत नव्हतं. बापानं उच्चार घोटून गाणी बसवून घेतली, आणि त्याच भाषेत ती तेहानोची राणी झाली. 1994 साली ग्रॅमी मिळालं. 1995 च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये साठ हजारांवर माणसं तिला ऐकायला लोटली. महिनाभरानं, 31 मार्चला, चाहता मंडळाच्या अध्यक्षीणबाईनंच कॉर्पस क्रिस्टीत तिला गोळी घातली. वय 23. त्यानंतर निघालेला तिचा अल्बम अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. कॉर्पस क्रिस्टीत समुद्रकाठी तिचा पुतळा आहे. ती गेली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या अशा मुली तिथं फोटो काढत होत्या, गाणी तोंडपाठ म्हणत होत्या. आपल्या भाषेचं काय होणार म्हणून सभा भरवणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं. भाषा आधी घरात यावी आणि मग गाण्यात, हा क्रम तिनं उलटा करून दाखवला.

मुलगा-सून ह्यूस्टनला असतील आणि उन्हाळ्यात जाणं होणार असेल, तर मे महिना साधा. सॅन अँटोनियोचं ग्वादालुपे कला केंद्र 1982 पासून त्या सुमारास अकॉर्डियनवाल्यांचा महोत्सव भरवतं. गाडीनं तीन तासांचा रस्ता आहे.