दहा महिन्यांचा चित्रकार

एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, १७९४ सालच्या पाचव्या चांद्रमासात त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने काबुकी नटांची २८ मुखचित्रे एकदम विक्रीस काढली. चित्रकाराचे नाव तोशूसाई शाराकू. त्यापूर्वी हे नाव कोणी ऐकले नव्हते. आणि सुमारे दहा महिन्यांनंतर त्याचे एकही नवे चित्र निघाले नाही.

ही चित्रे लाकडी ठशांची. चित्रकाराने रेखाटन करून द्यायचे, कारागिराने ते चेरीच्या फळीवर कोरायचे आणि छापणाऱ्याने प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा घेऊन कागदावर उमटवायचे. त्सुतायाने या चित्रांना अभ्रकाच्या चुऱ्याची काळसर, चमकती पार्श्वभूमी दिली. नवख्या माणसासाठी एवढा खर्च करणे धाडसाचेच होते. कारण तीनच वर्षांपूर्वी, १७९१ मध्ये, आक्षेपार्ह पुस्तके छापल्याबद्दल सरकारने त्याची निम्मी मालमत्ता दंड म्हणून घेतली होती.

नटाचे चित्र ही त्या काळी चाहत्याने हौसेने घरी न्यायची वस्तू. काबुकीत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. आपल्याकडे ज्या घरांत बालगंधर्वांच्या तसबिरी जपल्या गेल्या, त्यांना या हौसेविषयी निराळे सांगावयास नको. आवडता नट देखणा दिसावा, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असे. शाराकूने मात्र सेगावा तोमिसाबुरोला स्त्रीवेषात रंगविताना त्याचा पुरुषी जबडा झाकला नाही. ओतानी ओनिजीच्या खलनायकाची मान पुढे आलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि वस्त्रातून बाहेर आलेल्या हातांची बोटे ताणून फाकलेली. भूमिका दिसते, आणि तिच्याखाली ती वठवू पाहणारा माणूसही दिसतो.

काहींना यात थट्टा दिसते. मला ते पटत नाही. माझ्या आईच्या निधनानंतर आम्ही तिचे छायाचित्र मोठे करावयास दिले. छायाचित्रकाराने सद्भावनेने तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या. तसबीर सुंदर झाली. पण आम्हां भावंडांपैकी कोणालाही ती भिंतीवर लावावीशी वाटेना. त्या सुरकुत्यांत आमची आजारपणे होती, परीक्षा होत्या. शाराकूची रेघ निर्दय वाटते खरी, पण कोणाची सुरकुत तो वाया जाऊ देत नाही.

एदोच्या रसिकांना हे रुचले नसावे. ओता नान्पो या समकालीन लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, नटांचे अगदी खरे रूप काढण्याच्या हट्टापायी याने नको ते चितारले, म्हणून तो फार टिकला नाही. पुढची त्याची चित्रे आकाराने लहान होत गेली, हातही सैलावला. १७९५ च्या आरंभी सारे थांबले. १९१० मध्ये युलिउस कुर्ट या जर्मन अभ्यासकाने त्याच्यावर ग्रंथ लिहिला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले, तोवर शतक उलटून गेले होते.

हा होता तरी कोण? १८४४ मधील एका टिपणानुसार तो साइतो जुरोबेई, आवा संस्थानच्या अधिपतींच्या पदरी असलेला नो नाटकांचा नट. असा कोणी माणूस झालाच नाही, अशी शंका पुष्कळ वर्षे घेतली जाई. १९९७ मध्ये कोशिगाया येथील एका बौद्ध मंदिराच्या मृत्युनोंदीत (आपल्या चर्चच्या दप्तरासारखेच हे दप्तर) त्याचे नाव सापडले: मृत्यू १८२०, वय ५८. बहुतेक अभ्यासक आता त्यालाच शाराकू मानतात.

तसे असेल तर त्या २८ चित्रांतील एकापाशी मी अधिक रेंगाळतो. पन्नाशी उलटलेला इचिकावा एबिझो त्यात ताकेमुरा सादानोशिन झाला आहे. हा सादानोशिन नाटकात नो नट आहे. मुलीच्या हातून घडलेल्या अपराधापायी तो स्वतःचा प्राण देतो. भुवया आक्रसलेल्या, डोळे ताणलेले, तोंडाच्या कडा खाली वळलेल्या. नो रंगभूमीवर मुख्य नट अनेकदा मुखवटा लावून उभा राहतो. तिशी ओलांडलेल्या जुरोबेईने दुसऱ्या रंगभूमीवरील नटाचा उघडा चेहरा, आपल्याच व्यवसायातील एका दुःखी बापाच्या भूमिकेत, असा न्याहाळला होता. त्यानंतरची पंचवीस वर्षे तो जगला.