हँडलवरचा फोन, डोक्यावरचा बोर्ड

पनवेलच्या माणसाला पनवेलमध्येच नकाशा बघावा लागेल, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गोव्याचा रस्ता इथून सुटतो, पुण्याचा जुना रस्ता गावाला लागून जातो, द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि जेएनपीटी बंदराचे कंटेनर रात्रंदिवस ये-जा करतात. हे सगळं आम्हाला तोंडपाठ. पण पूल उभे राहिले, त्यांच्या कडेने सर्व्हिस रोड फुटले, आणि रोजच्या रस्त्यावर वळण हुकायला लागलं. मीही मग दुचाकीच्या हँडलला फोनचा होल्डर बसवून घेतला. चुकांची सुरुवात तिथून झाली.

पहिली चूक हौसेची. फोन मोठा, म्हणून त्यावर दिसेल ते सगळं चालू ठेवलं: उपग्रहाचं छायाचित्र, वाहतुकीचे लाल-हिरवे पट्टे, पेट्रोल पंप, हॉटेलं. घरात सोफ्यावर बसून हे झकास दिसायचं. एप्रिलच्या उन्हात पळस्पे फाट्यावर त्यातली निळी रेघसुद्धा दिसेना. फोन तापला की पडदा आपोआप मंद होतो, हे तेव्हा कळलं. त्यात होल्डर टाकीजवळ खाली बसवलेला. बघायचं तर हनुवटी छातीला लावायची, म्हणजे तेवढा वेळ समोरचा रस्ता नजरेतून गायब.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घातली की ३३ मीटर. चाळीस फुटी कंटेनर १२ मीटरचा असतो, म्हणजे अडीच कंटेनरांहून जास्त अंतर मी न बघता कापत होतो. तेही कळंबोलीला, जिथे लोखंड बाजारातून निघालेले ट्रेलर दोन्ही अंगांना असतात.

त्याच कळंबोलीच्या पुलाखाली एकदा फोनवरचा बाण मला वरच्या रस्त्यावर दाखवत होता. यात अ‍ॅपला शिव्या घालण्यात अर्थ नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा फोनचं जीपीएस पाचेक मीटर इकडेतिकडे होतं, आणि रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची. शेजारचा सर्व्हिस रोड कुठला आणि पूल कुठला, हे त्याला ठामपणे कसं कळावं? मी मात्र चालत्या गाडीवर दातांनी हातमोजा ओढला आणि दोन बोटांनी नकाशा मोठा करायला गेलो. गाडी डावीकडून मधल्या लेनमध्ये कधी सरकली कळलंच नाही. मागच्या ट्रेलरवाल्याने ब्रेक मारला, हॉर्न मारला आणि जे बोलायचं तेही बोलला. त्याचं बरोबर होतं.

सर्वांत लाजिरवाणी चूक पुढची. पुण्याला निघालो होतो, बायको मागे. नकाशात वाहन ‘कार’ निवडलेलं होतं, आणि त्याने कारवाल्याला दाखवावा तो रस्ता दाखवला. चढणीजवळ बायको म्हणाली, “अहो, वर बोर्डावर दुचाकीला काट मारलीय.” मी म्हटलं, “मॅप दाखवतोय ना!” द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे हे पनवेलमधलं शाळकरी पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. पण पडद्यावर रेघ दिसली की माहीत असलेलंही माणूस गहाण टाकतो. पुढे अडवलं गेलं, दंड भरला, आणि जुन्या रस्त्याने शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोली गाठेपर्यंत मागून एक शब्द आला नाही.

गूगलने भारतात दुचाकीसाठी वेगळी सोय डिसेंबर २०१७ मध्येच आणली होती. एक चिन्ह दाबायचं, बस. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्यावरही दुचाकी चालत नाही, म्हणजे मुंबईकडे जातानाही तोच घोळ होऊ शकतो.

पावसाचं थोडक्यात सांगतो. थेंब पडद्यावर पडले की फोनला ती बोटं वाटतात. कर्नाळ्याच्या खिंडीत माझा मार्ग असाच आपोआप रद्द झाला. शिवाय इंजिनाच्या थरथरीने फोनचा कॅमेरा कायमचा धूसर झाला. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा अ‍ॅपलने आपल्या फोनबाबत २०२१ मध्ये दिला होता. माझा फोन दुसरा, पण थरथर तीच.

मग दुचाकीचा पडदा असावा कसा? रॉयल एनफील्डने २०२० मध्ये मीटिऑरवर छोटी गोल तबकडी दिली: एक बाण आणि वळण किती लांब आहे ते अंतर. पुढे २०२३ च्या हिमालयनवर अख्खा नकाशा आला. लोकांना तो आवडला, मला जुनी तबकडी बरी वाटते. अर्थात कळंबोलीत एकटा बाणही अपुरा पडतो, कारण एक वळण संपतं न संपतं तोच दुसरं येतं. ‘आधी डावीकडे, मग लगेच उजवीकडे’ असे दोन बाण हवेत. त्याहून जास्त काही नको. कायदाही साधारण हेच म्हणतो: ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त मार्ग बघायला, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

आता होल्डर वर, स्पीडोमीटरच्या वरच्या अंगाला आहे. छायाचित्र बंद, पट्टे बंद. बायको मागे असेल तर फोन तिच्याकडे. वळण आलं की ती त्या बाजूच्या खांद्यावर थाप मारते. मला तरी याहून चांगली सोय सापडलेली नाही.

पनवेलहून दुचाकीवर पुण्याला निघणार असाल, तर घरातच दुचाकीचं चिन्ह दाबा आणि वाटेतल्या गावांची नावं लक्षात ठेवा. पुलाखाली गोंधळ झालाच, तर पुढे जाऊन डाव्या कडेला थांबा आणि मग फोन बघा. वळण हुकलं तर फार तर पाच-दहा मिनिटं जातात.