सोवळ्याच्या आत

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी अधूनमधून पुन्हा वाचायला घेते आणि दर वेळी सुरुवातीच्याच पानांत, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात, अडकून पडते. लक्ष्मीबाईंचे वडील नाना. त्यांच्या सोवळ्याने सारं घर वेठीला धरलेलं. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही; त्यातून मीठसुद्धा सुटायचं नाही. मीठ धुणं म्हणजे काय, याचा जरा विचार करून बघा. पाणी ओतलं की ते बोटांमधून विरघळून चाललंय, हे धुणाऱ्या बाईला दिसतंय. तरी धुवायचंच, कारण घरातल्या कर्त्या माणसाच्या लेखी ते अजून विटाळलेलंच आहे.

आजचा कुणीही मानसोपचारतज्ज्ञ हे वाचून ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, विचार करील. लक्ष्मीबाईंनी असलं काही नाव दिलेलं नाही. १९३४ पासून भागाभागाने निघालेल्या या आत्मचरित्रात त्यांनी त्याहून मोलाचं काम केलं: हे कुठून सुरू झालं ते सांगितलं. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांचं सोवळं हाताबाहेर गेलं. ज्या बापापायी घरातल्या बायकांचे हाल झाले, त्याच्याकडे लेकीने इतक्या न्यायाने पाहावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण नाना आपल्याला दिसतात ते बाहेरून. लक्ष्मीबाईंच्या लेखणीत अंगचीच मिश्किली आहे, त्यामुळे वाचताना हसू येतं. नानांच्या छातीत काय धडधडत होतं ते मात्र कळत नाही. लेकीला ते कळणार तरी कसं? पुढे आपल्या कथा-कादंबऱ्यांनीही हीच वाट धरली. भांडी पुन्हा पुन्हा घासायला लावणारी आजी, निघताना चार वेळा कुलूप ओढून बघणारे काका, अशी माणसं स्वभावाचा नमुना म्हणून येतात, करमणूक करतात आणि निघून जातात. त्यांना दरदरून घाम फुटलेला असतो, हे लिहायचं राहून जातं.

आतून लिहिलेलं वाचायचं तर मला दूर जावं लागलं. जॉन बनियन हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. त्याचं आत्मकथन १६६६ सालचं, तुरुंगात असताना लिहिलेलं. त्याला चर्चमधली घंटा वाजवण्याची हौस होती. मग ती हौस पाप वाटू लागली. मग घंटा अंगावर कोसळेल ही भीती, म्हणून तो तुळईखाली उभा राहिला. मग घंटा भिंतीला आपटून उलटी आपल्यावर येईल म्हणून दारात. आणि शेवटी अख्खा मनोराच कोसळेल म्हणून तिथूनही पळाला. धुण्या-पुसण्याचा इथे संबंध नाही, पण आजार तोच. शंका फिटली की दुसरी तयार. अलीकडचे कादंबरीकार जॉन ग्रीन स्वतः या आजाराशी झगडत आलेले आहेत. त्यांच्या २०१७ च्या कादंबरीतली मुलगी, एझा, बोटावरची जखम सारखी उकरते, पट्टी बदलते, आणि जंतूंच्या धास्तीने एकदा चक्क हात निर्जंतुक करायचं द्रावण पिते. ती वेडी नाही. आपण करतोय ते निरर्थक आहे हे तिला कळतं, तरीही तिला थांबता येत नाही. सगळी यातना इथेच आहे.

भीतीचा माल मात्र आजार स्वतःजवळून आणत नाही, तो भोवतालच्या समाजाकडून घेतो. बनियनला पापाने गाठलं, एझाला जंतूंनी, नानांना विटाळाने. आणि विटाळ म्हणजे शेवटी माणसाचा स्पर्श. ज्यांच्या सावलीची भीती नानांना वाटली असेल, त्या माणसांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? समाजाने आधीच जी घाण ठरवून ठेवली होती, तीच एका दुखावलेल्या मनाने उचलली. धर्माचं पांघरूण असल्यामुळे त्या भीतीला आजार म्हणायची कुणाला गरजही वाटली नाही.

आमच्या राळेगावात ही भीती वेगळा माल उचलते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. आमच्या ओळखीतला एक शेतकरी तेव्हापासून हात धुतो. फवारणी बंद होऊन महिने उलटले तरी धुतो. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. लेकराला जवळ घ्यायचं तर पुन्हा मोरीवर. मग बायकोपुढे हात धरायचा, “पाय बरं, वास येऊन रायला काय?” ती हुंगून म्हणायची, “नाई येत.” थोड्या वेळाने पुन्हा तेच.

गावाने त्याला ‘लय स्वच्छतेचा’ म्हणून सोडून दिलं. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात स्वच्छतेला कोण नावं ठेवील? पण बाबांचा खराटा गाव झाडून झाला की थांबायचा आणि संध्याकाळी कीर्तन उभं राहायचं. या माणसाचं धुणं कधी संपतच नव्हतं.

शेवटी बायको त्याला यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. त्यासोबत हात न धुता भीती सोसायचा सराव, रोज थोडा थोडा. आणि तिला सांगितलं गेलं की त्याने विचारलं तरी वास येत नाही असं सांगायचं नाही. प्रत्येक उत्तराने त्याला घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी मुरते. मला भेटली तेव्हा म्हणाली, “ताई, लय जीवावर येते. तोंडापुढे हात धरून उभा रायते माणूस. पण नाई सांगत मी.”

मायेपोटी उत्तर न देणारी अशी बायको मला अजून कुठल्या मराठी कादंबरीत भेटलेली नाही. जलालपूरच्या घरात मीठ धुणाऱ्या बायकांना तर असं काही सांगणारंही कुणी नव्हतं. राळेगावच्या त्या शेतकऱ्याचे हात आता बरेच भरून आलेत. पावसाळा तोंडावर आला की मात्र तो पुन्हा मोरीकडे बघायला लागतो, आणि ती त्याच्या हातात लेकरू देते.