आईची भेदरं

दिवाळीनंतर माहेरी जाऊन आईचं फडताळ आवरलं. ती जाऊन आठ महिने झाले होते. साड्या वहिनीनं नि मी वाटून घेतल्या. शेवटी एका पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्राची घडी निघाली. उलगडली, तर कागदाला चिकटलेलं चपटं, लव असलेलं बी. मी लगेच ओळखलं, ही भेदरं!

आमच्या वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात. आईच्या परसातली भेदरं लहान, पातळ सालीची नि कमालीची आंबट. इथं पुण्यात मिळतात ते टोमॅटो टणक, जणू प्रवासासाठीच जन्मलेले. सार करायचं तर चिंचेचा कोळ घालावा लागतो. शिवाय ते बहुतेक संकरित. त्यांचं बी धरलं तर पुढं तसंच फळ येईल याचा भरवसा नाही. गावरान वाणाची लेक मात्र आईवर जाते.

बी मोजलं, चाळीस भरलं. आणि सगळंच्या सगळं एकदम पेरलं! बीज बँक उभारणाऱ्या, २०२० च्या पद्मश्रीच्या मानकरी राहीबाई पोपेरे यांचं वर्गात कौतुक सांगणारी मी, पण निम्मं बी मागं ठेवावं एवढं सुचलं नाही. आठवड्यात कोंब आले. मग माया उतू गेली. सकाळी शाळेत जाताना पाणी, आल्यावर पाणी. रोपं मातीलगत बारीक होऊन एकेक आडवी झाली. उरली तीन. त्यातलं एक मांजरानं मोडलं.

दोन रोपं महिन्यानं मोठ्या कुंड्यांत लावली. फेब्रुवारीत पहिलं फळ लाल झालं. ते बियाण्यासाठी राखलंय, असं घरात सगळ्यांना सांगितलं होतं. सासूबाई तेवढ्या नणंदेकडे गेल्या होत्या.

एक दिवस शाळेतून आले, तर कुंडी रिकामी. सासूबाई कालच परतलेल्या. ओट्यावर कोशिंबिरीची तयारी, दही घालायचं तेवढं बाकी.

"अगं, पिकून गळायला आलं होतं."

मला बोलवेना. फोडींतला गर बोटानं वाटीत काढू लागले तेव्हा त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या विळीशी बसल्या नि पात्याला चिकटलेल्या चार बिया अलगद सोडवून माझ्या वाटीत टाकल्या.

वाटीत थोडं पाणी घालून गर दोन दिवस तसाच आंबू दिला. वास येतो हो, पण बीभोवतीचा बुळबुळीतपणा त्यानंच सुटतो. चांगलं बी तळाशी बसतं. ते धुऊन चिनी बशीत सावलीत वाळवलं. सव्वीस निघालं. या खेपेला दहाच पेरीन.

"एक फोड मी तोंडात टाकली होती हं," रात्री सासूबाई हळूच म्हणाल्या. "काय आंबट गं बाई! साराला चिंच नको."

मी पुन्हा विचारलं, "खरंच खूप आंबट होती?"